सोसायटीची कटकट नको? मग गटार कोणाचं?

नागापूर-बोल्हेगावच्या बाजूला रो-हाऊस घेतलेल्या कुठल्याही तरुण जोडप्याला विचारून बघा, 'फ्लॅट का नाही घेतलात?' उत्तर ठरलेलं असतं. 'सोसायटीची कटकट नको!' वर कोणी नाही, खाली कोणी नाही. आपली जमीन, आपलं छत, आपलं फाटक. दारात तुळस लावा नाहीतर बुलेट लावा, विचारणारं कोण? लिफ्टचा मेन्टेनन्स नाही, पार्किंगची भांडणं नाहीत, चेअरमनची नोटीस नाही. थोडक्यात काय, तर फ्लॅटच्या पैशांत बंगल्याचा फील!

मग एक दिवस चेंबर तुंबतं.

आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात येतं, की फाटकाच्या आत सगळं आपलं असलं तरी फाटकाच्या बाहेर जे काही आहे ते 'सगळ्यांचं' आहे. रस्ता, गटार, दिव्याचे खांब, बोअर, कंबरेएवढं गवत वाढलेली ती ओपन स्पेस. सगळ्यांचं, म्हणजे मराठीत ज्याला आपण 'कोणाचंच नाही' म्हणतो ते!

तुम्ही म्हणाल, नागापूरच्या गटाराचं आम्हाला काय? आहे, संबंध आहे. पुण्यात हिंजवडीला नाहीतर खराडीला नोकरी, पण तिथल्या फ्लॅटचा ईएमआय झेपत नाही म्हणून 'गावाकडे एक रो-हाऊस घेऊन ठेवू' असं म्हणणारे निदान चार जण तुमच्याच ऑफिसच्या कँटीनमध्ये सापडतील. नगर काय, तळेगाव काय, नाशिकचं अंबड काय, जिथे एमआयडीसी तिथे रो-हाऊसच्या रांगा. नागापूर त्यातलंच एक. सीनेच्या काठावरचं जुनं गाव, मनमाड रोडला लागून, एमआयडीसीला खेटून. नगरची महापालिका झाली २००३ मध्ये. २०२४ मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. बोलताना मात्र अजूनही 'नगरला चाललोय' असंच तोंडात येतं.

तर या नागापुरातल्या एका कॉलनीत माझे आई-बाबा राहतात. समोरासमोर दोन रांगा, मिळून चोवीस घरं. राहणारे कोण? सात-आठ घरांत रिटायर्ड मंडळी. सात घरांत एमआयडीसीत शिफ्ट करणारे मालक. उरलेल्या नऊ घरांचे मालक पुण्या-मुंबईत. त्यातल्या पाच घरांत भाडेकरू, चार घरांना कुलूप. हे नऊ मालक म्हणजे आपणच हो! वय तीसच्या आत-बाहेर, हातात चांगला पगार, आणि कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आयुष्यात एकच मेसेज टाकलेला: अंगठा.

बावीस हजार आणि एकोणीस दिवस

गेल्या मे महिन्यात कॉलनीच्या बोअरची मोटर जळाली. नगर शहराला पाणी येतं मुळा धरणाचं, विळदवरून. पण आमच्या कॉलनीत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे धुण्या-भांड्यांचं सगळं गणित त्या बोअरवर. मेकॅनिक आला, मोटर वर काढली, मान हलवली. रिवाइंडिंग, नवी केबल, लेबर धरून बावीस हजार. भागिले चोवीस. माणशी हजार रुपयेसुद्धा नाहीत! दोघांनी मल्टिप्लेक्सला सिनेमा बघून वर पिझ्झा खाल्ला तरी एवढे जातात.

हे हजार रुपये गोळा व्हायला एकोणीस दिवस लागले.

कारण प्रत्येकाचा मुद्दा होता. आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचा मुद्दा ऐकायला बरोबरच वाटायचा. कुलूप असलेल्या घराचा मालक म्हणाला, 'मी पाणी वापरतच नाही, मी का देऊ?' भाड्यानं दिलेल्या घराचा मालक म्हणाला, 'वापरतो भाडेकरू, त्याच्याकडून घ्या.' भाडेकरू म्हणाला, 'मोटर मालकाची, मी अकरा महिन्यांचा पाहुणा.' एकाकडे स्वतःचं वेगळं बोअर होतं. एकानं मागच्या दुरुस्तीला दिलेल्या दीड हजाराचा हिशोब मागितला. तो हिशोब ज्या काकांच्या वहीत होता, ते काका घर विकून संभाजीनगरला मुलाकडे गेले होते. वहीसकट!

या एकोणीस दिवसांत टँकर यायचा, पण गल्लीत वळत नव्हता म्हणून फाटकाशीच थांबायचा. पाइप जेमतेम आठ-दहा घरांपर्यंत पोचायचा. त्यापुढच्यांनी बादल्या घेऊन यायचं. आणि रांगेच्या अगदी टोकाला, शेवटच्या घरात, राहतात काकी. वय एकाहत्तर, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, काका चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या घरी पाणी कोणी आणलं माहितीये? समोरच्या घरातल्या तीन भाडेकरू पोरांनी. नाइट शिफ्ट करून सकाळी आले, की झोपायच्या आधी दोन-दोन बादल्या काकींच्या पिंपात ओतायची. ज्यांच्या नावावर कॉलनीत वीतभर जमीन नाही, ती ही पोरं. आणि ज्यांच्या नावावर होती ते ग्रुपवर 'वापर किती, वाटा किती' यावर चर्चा करत होते.

तसं काकींच्या घरी मोटर चालू असतानाही पाणी पोचायचं कुठे? पाइपलाइनचं टोक. आधीच्या अकरा घरांच्या टाक्या भरल्या, की मग करंगळीएवढी धार. त्यांनी घर विकायला काढलं. एजंटनं गिऱ्हाईक आणलं. त्या माणसानं आत येऊन पहिल्यांदा काय केलं, तर नळ सोडला. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला. मागच्या रांगेतलं तसंच घर ज्या भावाला गेलं, त्याच्यापेक्षा चांगलाच खाली भाव.

आता सांगा, काकींच्या घराची किंमत कुठे कमी झाली? फाटकाच्या आत? आत तर टाइल्स नव्या, मॉड्युलर किचन, भिंतीला ओलीचा डाग नाही. किंमत कमी झाली ती बाहेर. त्या 'कोणाच्याच नसलेल्या' पाइपात.

कायद्याच्या लेखी तुम्ही आहात का?

बावीस हजार अखेर जमले. मोटर बसली. आणि आठव्या दिवशी वीज कापली गेली! का? तर बोअरचं आणि रस्त्यावरच्या दिव्यांचं मीटर होतं बिल्डरच्या नावावर. बिलं त्याच्या पत्त्यावर जायची, त्यानं ती भरली नव्हती. त्याचा फोन लागेना. मग आमची तीन ज्येष्ठ मंडळी 'मीटर आमच्या नावावर करून द्या' म्हणायला गेली. तिथल्या क्लार्कनं अगदी साधा प्रश्न विचारला, 'आमच्या म्हणजे कोणाच्या?'

याला उत्तर नव्हतं. पाटीवर कॉलनीचं झक्क नाव होतं, पण नोंदणी झालेली सोसायटी नव्हती. आणि नोंदणी नसेल तर चोवीस घरं कायद्याच्या लेखी चोवीस अनोळखी माणसं असतात. त्यांना मिळून बँकेत खातं काढणं सोपं नसतं, म्हणून पैसे कुणाच्या तरी वहीत राहतात. मीटर घेता येत नाही. बिल्डरला संस्था म्हणून नोटीस देता येत नाही. थकबाकी वसूल करता येत नाही. ओपन स्पेसवर कोणी टपरी टाकली, तर 'हटव' म्हणणारा फक्त एक चिडलेला शेजारी असतो, बाकी काही नाही.

म्हणजे ज्या 'कटकटी'पासून पळून आपण रो-हाऊस घेतलं, तीच नेमकी आपल्याला हवी असते!

आणि हे शोधायला फार लांब जायला नको. आपल्याकडे सहकारी गृहनिर्माण संस्थेला शंभर वर्षं उलटून गेली आहेत. १९०४ च्या सहकार कायद्यात फक्त पतसंस्थांची सोय होती. १९१२ च्या कायद्यानं इतर संस्थांनाही दार उघडलं. आणि १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. एस. एस. तालमकी यांनी पुढाकार घेतला होता. मुंबईत जागा मिळत नाही, भाडी परवडत नाहीत, ही त्या नोकरदार मंडळींची रड आजच्या आपल्या रडीपेक्षा वेगळी नव्हती. फरक एवढाच, की त्यांनी एकत्र येऊन कागद केले.

नगरकरांना तर सहकार शिकवायची गरजच नसावी! १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला तो विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी, याच जिल्ह्यात. आणि नगर तालुक्यातलंच हिवरे बाजार घ्या. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. दुष्काळी गाव, पोटासाठी लोक बाहेर गेलेले. तिथे श्रमदान झालं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी झाली हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण मला त्यातली सगळ्यात भारी वाटते ती पाण्याच्या ताळेबंदाची गोष्ट. पाऊस किती झाला ते मोजायचं, पाणी किती आहे ते बघायचं आणि त्यावर पिकं कोणती घ्यायची ते ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हा नियम सगळ्यांना सारखा. पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. त्या गावात सगळे साधू-संत राहतात म्हणून हे झालं असं नाही. हिशोब उघड होता, म्हणून झालं. आमच्या कॉलनीत हिशोब एका वहीत होता आणि वही संभाजीनगरला!

टेल टू हेड

मीटर कापल्यानंतरच्या रविवारी ओपन स्पेसमध्ये खुर्च्या मांडून मीटिंग झाली. बाबांना ताप होता, म्हणून मी जाऊन बसले. 'तुला मत नाही हं, नुसतं ऐकायचं,' असं आधीच बजावण्यात आलं. रास्तच आहे ते. घर बाबांच्या नावावर आहे.

पहिला पाऊण तास जे व्हायचं तेच झालं. आवाज चढले, कुत्र्याचा विषय निघाला, कोणाच्या तरी आंब्याची पानं कोणाच्या तरी टेरेसवर पडतात हेही निघालं. पुण्याचे दोन मालक फोनवर स्पीकर लावून हजर होते. त्यातला एक परत म्हणाला, 'मी पाणी वापरत नाही.' तेव्हा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले एक काका उठले. एरवी हे काका कोणाच्या अध्यात ना मध्यात.

ते म्हणाले, 'हे बघा, मी मुळा कॅनॉलवर नोकरी काढली. तिथं वरच्या अंगाचा शेतकरीसुद्धा हेच म्हणायचा, माझं भरलं की खालच्याला जाऊ द्या. आणि खालच्याला कधी जायचंच नाही. म्हणून नियम काय? टेल टू हेड! चारीच्या शेवटच्या माणसाला पहिलं पाणी. त्याचं झालं की मग वर वर यायचं. शेवटच्याला मिळालं म्हणजे मधल्या सगळ्यांना मिळणारच. नाहीतर पाणी कुठं मुरलं ते कळतच नाही कोणाला.'

दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग काकी म्हणाल्या, 'अहो, मला पहिलं नको. नुसतं मिळालं तरी पुष्कळ झालं.'

त्या दिवशी ठरलं, की सोसायटी नोंदवायची. त्यासाठी काय लागतं? लोकांना वाटतं तेवढं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आहे १९६० चा. २०१९ च्या दुरुस्तीनं त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, आणि आता वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच जण असले तरी संस्था करता येते. भाग भांडवलाचे प्रत्येकी पाचशे, प्रवेश फी शंभर. आमच्या चोवीस घरांचे मिळून झाले चौदा हजार चारशे. अर्ज उपनिबंधकांकडे. बिल्डर सही करायला येत नसेल, तर त्याच्या सहकार्याशिवायही अर्ज करता येतो. आमचा बिल्डर अर्थातच आला नाही. धावपळ झाली, झेरॉक्सवाल्याची दिवाळी झाली, पण नोंदणी झाली. खातं निघालं. मीटर संस्थेच्या नावावर झालं.

आणि मग 'मी का देऊ' याचंही उत्तर मिळालं. ते उत्तर नियमांच्या पुस्तकात आधीपासूनच होतं! सहकार खात्याच्या आदर्श उपविधींमध्ये साधं तत्त्व आहे. सेवाशुल्क, म्हणजे दिवे, झाडलोट, वॉचमन वगैरे, सगळ्यांना सारखं. घर उघडं असो की बंद. पाण्याचे पैसे मात्र नळ किती आणि केवढे त्यावर. म्हणजे कुलूपवाल्याचा 'वापरत नाही' हा मुद्दा तिथे चालत नाही. नळ कमी असतील तर पाण्याचा बोजा कमी. पण दिवा, गटार आणि रस्ता त्याच्या बंद घरासाठीही असतातच, त्याचे पैसे पूर्ण. घर भाड्यानं दिलं असेल, तर बिनभोगवटा शुल्क घेता येतं, पण सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. सोसायटीनं भाडेकरू ठेवणाऱ्याला लुटायचं नाही, हेही त्यात आलं.

आमचा आकडा ठरला असा: सेवाशुल्क चारशे, दुरुस्ती निधी शंभर, सिंकिंग फंड दोनशे दहा. एकूण महिना सातशे दहा, पाणी वेगळं. घर भाड्यानं असेल तर वर चाळीस. सिंकिंग फंडाचा हिशोब सोपा आहे. बांधकामाच्या खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. खर्च दहा लाख धरला तर वर्षाचे अडीच हजार, म्हणजे महिन्याला दोनशेच्या घरात. हा पैसा रोजच्या खर्चाला हात लावायचा नाही, मोठ्या कामासाठी. मोटर जळाली तर तो दुरुस्ती निधी. चोवीस घरांचे शंभर-शंभर, वर्षाचे अठ्ठावीस हजार आठशे. म्हणजे पुढच्या वेळी मोटर जळेल तेव्हा फक्त मेकॅनिकला फोन करायचा. एकोणीस दिवस वाट बघायची नाही.

सगळं गोड गोड नाही!

थांबा, गोष्ट इथे 'आणि ते सुखानं नांदू लागले' अशी संपत नाही. पहिली सर्वसाधारण सभा बोलावली तेव्हा कोरमच भरेना. नियम असा, की दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यातला जो आकडा कमी तो. आमच्याकडे सोळा हवे होते, आले तेरा. सभा तहकूब झाली, थोड्या वेळानं त्याच तेरा जणांत पुन्हा सुरू झाली, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. तेरा जणांनी चोवीस घरांचे निर्णय घेतले. न आलेल्या अकरांत पुण्याचे सात. त्यातला एक दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहितो, 'मला न विचारता सातशे दहा कसे ठरवले?' त्याला विचारायलाच सभा होती ना, भल्या माणसा!

दोन घरं अजूनही पैसे देत नाहीत. आता सोसायटी त्यांना वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत साधं व्याज लावू शकते. त्यानंही भागलं नाही, तर निबंधकांकडून वसुली दाखला आणू शकते. मग ती थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल होते. पण समोरच्या दारातल्या माणसावर वसुली आणायची, आणि मग गणपतीत त्याच्याकडे प्रसादाला जायचं? कमिटी अजून दोन पत्रं आणि चार चहा यांवरच आहे. मला वाटतं, ते ठीकच आहे. शेजारी बदलता येत नाही. पण हातात कागद आहे म्हणून तो चहासुद्धा जरा जास्त गोड मानून घेतला जातो, हेही खरं.

ओपन स्पेसच्या उताऱ्यावर अजूनही जुन्याच मालकाचं नाव आहे. बिल्डर जमीन नावावर करून देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे जाऊन 'मानीव अभिहस्तांतरण' मागता येतं. हा भला मोठा शब्द पाठ करा, इंटरव्ह्यूत नाही पण आयुष्यात नक्की उपयोगी पडेल. म्हणजे बिल्डरनं सही केली नाही, तरी त्यानं जमीन दिली असं मानून कागद करायचा. २००८ मध्ये कायद्यात ही सोय आली. आमच्या रांगांना ती कितपत आणि कशी लागू होते हे वकिलाकडून तपासून घेण्याचं काम कमिटीनं सुरू केलंय. चार-सहा महिने चपला झिजणार, हे नक्की.

माझी एक आत्तेबहीण न्यू जर्सीत टाऊनहोममध्ये राहते. म्हणजे आपलं रो-हाऊसच, फक्त भिंती लाकडी. तिच्याकडे असोसिएशन आहे. बर्फ काढणं, सामायिक हिरवळ कापणं, छपराची दुरुस्ती, सगळं त्यांच्याकडे. दार कुठल्या रंगाचं असावं हेसुद्धा तेच सांगतात! पैसे थकले तर घरावर बोजा चढवतात. तिला आमच्या मीटिंगची हकीगत सांगितली तर हसली आणि म्हणाली, 'तुमच्याकडे निदान भांडायला माणसं तरी येतात. इथे सगळं पत्रानं.' एवढी शिस्त मला तरी झेपणार नाही. दार कुठल्या रंगाचं हे सोसायटीनं सांगू नये. पण चेंबरला झाकण आहे की नाही, हे तिनंच बघायला हवं. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आपली कॉलनी बसवायची आहे.

घ्यायच्या आधी, घेतल्यानंतर

तुम्ही रो-हाऊस बघायला जाणार असाल तर मॉड्युलर किचन नंतर बघा. आधी एवढं करा:

एक, सोसायटीचा नोंदणी क्रमांक विचारा. पाटीवरचं नाव नव्हे, क्रमांक.

दोन, ओपन स्पेस आणि आतला रस्ता यांच्या सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर कोणाचं नाव आहे ते बघा.

तीन, बोअर आणि दिव्यांचं मीटर कोणाच्या नावावर आहे आणि शेवटचं बिल कधी भरलंय, ते विचारा.

चार, प्रोजेक्ट नवा असेल तर महारेराचा क्रमांक घ्या. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरं आठपेक्षा जास्त असतील, तर नोंदणी सक्तीची आहे. रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो फुकट दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. ओल आली की 'पावसाळा आहे हो' हे उत्तर ऐकून घेऊ नका.

पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचं. सॅम्पल हाऊस नेहमी फाटकाजवळ असतं. तुम्ही रांगेच्या टोकाच्या घरात जा आणि तिथला नळ सोडा. कॉलनी कशी आहे ते त्या नळाइतकं खरं कोणी सांगणार नाही.

आणि घर आधीच घेऊन कुलूप लावून ठेवलं असेल तर? दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत सोसायटीला वार्षिक सभा घ्यावी लागते आणि चौदा दिवस आधी नोटीस येते. त्या एका रविवारी बस पकडा, नाहीतर गाडी काढा. पुणे-नगर तीन तास, वाघोलीला अडकलात तर चार! लॉंग वीकएंडला लोणावळ्याच्या घाटात याहून जास्त वेळ जातो.

आमच्या कॉलनीत सध्या बोअरचा व्हॉल्व्ह टोकाकडून उघडतात. सकाळी सहाला काकींचं घर, मग तेविसावं, मग बाविसावं. फाटकाजवळच्या बोर्डवर दर महिन्याच्या पाच तारखेला जमा-खर्च खडूनं लिहिला जातो. पैसे न दिलेल्यांची नावं लिहायची नाहीत, फक्त किती घरांचे आले तो आकडा, असं ठरलंय. गेल्या महिन्यात बावीस होता. काकींनी घर विकायचं अजून पक्कं केलेलं नाही आणि रद्दही केलेलं नाही. 'दिवाळीपर्यंत बघते,' म्हणाल्या. एजंट मात्र परत येऊन गेला. या वेळी नळ सोडून बघितला आणि भाव स्वतःहून वाढवून सांगितला!

ती तीन भाडेकरू पोरं मात्र आता नाहीत. अकरा महिने संपले, घर बदललं. सोसायटीच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये त्यांचं नाव नाही, असणारही नाही. त्यांनी जे केलं त्याला कुठलं कलम नाही. पण दर वर्षी तीन चांगली पोरं समोर राहायला येतीलच याची खात्री नाही ना! म्हणून तर सातशे दहा रुपये.

तेव्हा येत्या रविवारी एक करा. तुम्ही रो-हाऊसमध्ये राहत असाल किंवा बारा मजली टॉवरमध्ये, पाणी जिथे सगळ्यात शेवटी पोचतं त्या घराची बेल वाजवा. ओळख नसेल तर ओळख करून घ्या. आणि एवढंच विचारा, 'आज पाणी आलं का हो तुमच्याकडे?'